जाडी आणि बारकी

सकाळी साखरेची बरणी काढायला मी हात वर केला आणि मुलीने डोकं खाली घातलं. एवढंच झालं. फळी तिच्या खुर्चीच्या बरोबर वर आहे, बरणी रोज मीच काढतो आणि ती रोज त्या वेळी पावाची कड कुरतडत बसलेली असते. आज हात वर गेला तशी तिची मान खांद्यांत शिरली, डोळे घट्ट मिटले आणि पाव धरलेला हात कानापाशी आला. मग काही होत नाही हे तिच्या लक्षात आलं आणि तिने कान खाजवल्यासारखं केलं. नऊ वर्षांची पोर. कान खाजवायचं सोंग तिला कुणी शिकवलं? मीच शिकवलं. मी बरणी काढली, चहात साखर घातली आणि ती विरघळून गेल्यावरही ढवळत राहिलो. बायको ओट्याशी पाठ करून उभी होती. प्लास्टरमधला उजवा हात गळ्यात अडकवलेला आणि डाव्या हाताने डब्याचं झाकण लावायची खटपट चाललेली. तिने काही पाहिलं नाही. किंवा पाहिलंही असेल, तिच्या पाठीला हल्ली डोळे फुटले आहेत. "चार वाजता डॉक्टरीणबाई," ती म्हणाली. "विसरू नकोस. वही मी घेतलीय."

वही माझी, पण तिच्यात माझं अक्षर एकही नाही. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे जाडी, उजवीकडे बारकी. माझ्या दोन गोळ्यांची ही नावं बायकोने ठेवली. खरी नावं लांबलचक आहेत, एकीच्या शेवटी पीन आणि दुसरीच्या शेवटी डोन. म्हणताना जीभ अडखळते, आणि माझी जीभ अडखळली की समोरच्याला वाटतं, याचं सुरू झालं. एकीने मी जाड झालो म्हणून ती जाडी. दुसरीने उतरलो म्हणून ती बारकी. "तुझ्या दोन बायका," बायको म्हणायची, "आणि मी तिसरी, बिनपगारी." तेव्हा तिचा हात धड होता आणि आम्ही हसत होतो. दोन्ही गोळ्या एकाच दुखण्यावरच्या, दुखण्याला मात्र नावं दोन. पहिल्या डॉक्टरने छिन्नमनस्कता म्हटलं, दुसऱ्याने दोन टोकांचा आजार म्हटलं, आणि आताच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, तुमच्यात दोन्हींचं थोडं थोडं आहे, नावाचं राहू द्या, झोप लागते का ते सांगा. मी माझ्यापुरतं वेगळंच नाव ठेवलंय. मुकादम. तो विसाव्या वर्षी आला. मी तेव्हा काचेच्या कामावर नवीन होतो आणि तो मागे उभा राहून बोलायचा. वाकडं गेलं. परत वाकडं गेलं. असले हात काय कामाचे, ठेच ते हातोडीने. एकदा मी खरोखरच ठेचला, डाव्या हाताचा अंगठा, त्याचं नख अजून दुभंगलेलं उगवतं. उधाणाच्या दिवसांत हाच मुकादम शाबासकी द्यायचा, आणि ती शाबासकी शिव्यांपेक्षा वाईट होती, कारण ती मिळाली की मी चार चार दिवस झोपायचो नाही आणि मला अडवणारा प्रत्येक माणूस मला काचेचा दिसायचा.

दोनदा इस्पितळात राहून आलो. तिथे रोज संध्याकाळी रांग. गोळी तोंडात, पाणी, मग परिचारिका म्हणायची, तोंड उघडा, जीभ वर करा, डावीकडे, उजवीकडे. चाळीस वर्षांचे बापे तिच्यासमोर आ वासून उभे असायचे. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी बायकोने सांगून टाकलं, आपल्या घरात हे असलं काही होणार नाही. मी तुझ्या तोंडात बघणार नाही. तू सांगशील ते वहीत लिहीन. या एका वाक्यासाठी मी तिचा जन्मभर गुलाम व्हायला तयार होतो.

जाडीने मुकादमाला झोपवलं, हे मला मान्यच आहे. पण त्याच्याबरोबर तिने सगळा कारखाना झोपवला. मी बारा तास झोपायचो आणि उठल्यावरही डोक्यात ओली रद्दी भरल्यासारखं वाटायचं. भूक मात्र जागी. भूक कसली, पोटात कुणीतरी नखं लावायचं. पाव, उकडलेले बटाटे, थंड भात, मुलीच्या दप्तरातली बिस्किटं, जे हाताला लागेल ते. आठ महिन्यांत बावीस किलो. एकदा मुलीच्या ताटातलं अंडं मी उचलून तोंडात टाकलं. ती हसली, तिला वाटलं बाबा गंमत करतोय. मी चावत तिच्याकडे बघत होतो आणि माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे, ती हसायची थांबली. त्यानंतर ती ताटाभोवती कोपर ठेवून जेवायला लागली. दुकानातही तेच. काच कापायची म्हणजे खरं तर कापायची नसते. हिरकणी, म्हणजे हिऱ्याच्या टोकाची लेखणी, रॉकेलात बुडवून काचेवर एकच रेघ मारायची, परत त्याच रेघेवर जायचं नाही. रेघ बरी गेली की नाही ते डोळ्यांना कळत नाही, कानाला कळतं. बरी रेघ रेशीम फाटावं तशी सलग वाजते. मग काच टेबलाच्या कडेवर अशी धरायची की रेघ कडेच्या बरोबर वर येईल, आणि दाबायचं. उशीर करायचा नाही, ताज्या रेघेवरच काच ऐकते. जाडीच्या दिवसांत मला रेघ ऐकूच यायची नाही. एका दुकानाच्या दर्शनी काचेची एक बाजू मी धरली होती, ती हातातून निसटली आणि जमिनीवर फुटली. एक तुकडा कोपराखाली घुसला. रक्त बुटावर ठिबकत होतं आणि मी ते बघत उभा होतो, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं. मालक चांगला माणूस. त्याने स्वतः पट्टी बांधली आणि म्हणाला, "काही दिवस तू डिंक लाव." आरशांच्या पाठीला तपकिरी कागद चिकटवायचं काम, जे कुणालाही येतं. त्यापेक्षा तो मला दोन थोबाडीत देता तर बरं झालं असतं.

म्हणून बारकी. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिली तेव्हा बायको शिवणकामाची डिलिव्हरी द्यायला गेली होती, औषधाच्या दुकानात मी एकटाच गेलो. औषधवाला खोका पुढे सरकवत म्हणाला, "ही पोटभर जेवणासोबत, हं. जेवणानंतर म्हणजे नुसता घास खाऊन नाही. रिकाम्या पोटी निम्मी फुकट जाते." आणि त्याने खोक्यावर लेबल चिकटवलं, लाल अक्षरांत: पोटभर जेवणासोबत. पहिले दोन आठवडे मी तसंच केलं. वजन वाढायचं थांबलं, झोप नऊ तासांवर आली, मुकादम गप्प. मालकाने परत टेबलावर घेतलं. सगळं ठीक होतं, आणि ते नुसतं ठीक असणं मला सोसवेना. एका संध्याकाळी कामात जेवण राहून गेलं, गोळी तेवढी पाण्याबरोबर घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली रेघ मारली आणि ती वाजली. सात-आठ वर्षांत ऐकली नव्हती तशी, दातांपर्यंत. मी टेबलाला टेकून उभा राहिलो आणि माझे डोळे भरून आले. पुढच्या आठवड्यात मी आणखी दोनदा करून पाहिलं. रिकामं पोट, वाजणारी रेघ. भरलेलं पोट, नुसती रेघ. मग मी दुकानातलं पातं घेतलं आणि खोक्यावरचं लेबल खरवडून काढलं. काचेवरची लेबलं काढणं हे माझं रोजचं काम, खोक्यावर मागमूस राहिला नाही. त्याच संध्याकाळी बायकोला म्हणालो, मला आता रात्रीचं जेवण नको, पोट उतरवायचंय. ती इतकी खूश झाली की दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी लहान ताट घेऊन आली. रोज संध्याकाळी ती अर्धं सफरचंद चिरून त्या ताटात ठेवायची, शेजारी बारकी. मी सफरचंद खायचो, वर गोळी घ्यायचो आणि ती वहीत लिहायची: जेवणानंतर गोळी घेतली. भूक ताब्यात. पट्ट्याला नवीन भोक पाडलं.

मुकादम आठव्या आठवड्यात परत आला. आला तो शाबासकी देतच. मी बायकोला सांगितलं नाही, ती मी सांगेन तेच लिहिते ना. मी तीन तीन माणसांचं काम उरकत होतो, मालकाला उद्धटपणे बोलत होतो, रस्त्यात एकाचा धक्का लागला म्हणून त्याची कॉलर धरून त्याला बसथांब्याच्या खांबावर आपटला होता. त्याचं डोकं खांबावर वाजलं तेव्हा मला आवाज आवडला. आणि मग तो रविवार. दुपारचे बारा. बायको टेबलाशी उभी राहून कापड बेतत होती, मुलगी दारात चपला घालत होती. मी काहीतरी मोठ्याने सांगत होतो, स्वतःचं दुकान टाकण्याचं, सगळं शहर काचेचं करण्याचं. बायको म्हणाली, "हळू बोल, खाली ऐकू जातंय." आणि तिने हात माझ्या छातीवर ठेवला. नुसता ठेवला. मी मनगट धरलं. मनगटाच्या आतल्या बाजूला तिची निळी शीर सरळ खाली गेलेली आहे, मी ती हजारदा पाहिली आहे, लग्नाच्या आधीपासून. मुकादम अगदी शांतपणे म्हणाला, रेघ मारलेली आहे, उशीर करू नकोस. मी तिचा हात टेबलाच्या कडेवर आणला, कड बरोबर जमवली आणि दाबला. ती ओरडली नाही, तिचं तोंड नुसतंच उघडलं. हाड मोडलं तो आवाज कोरडा आणि साफ होता आणि माझ्या हातांना समाधान झालं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मला भान नव्हतं, असं सगळे समजतात आणि मी समजू देतो. मला पूर्ण भान होतं. चांगलं काम झाल्यावर जसं गार वाटतं तसं मला कोपरापर्यंत गार वाटलं, आणि मग मी वर पाहिलं तर दारात मुलगी उभी होती, एका पायात चप्पल घालून.

आज दिवसभर दुकानात मी दोन गोष्टी घोळवत होतो. वहीत बारकी रोज नेमाने घेतल्याचं लिहिलंय आणि तरी हात मोडला, म्हणजे ती डॉक्टरीणबाईंसमोर गेली की बारकी संपली, परत जाडी, परत डिंक, परत कोपर ठेवून जेवणारी मुलगी. बारकीला वाचवणारी एकच गोष्ट आहे: ती कधी धड पोटात गेलीच नाही, तिची परीक्षाच झाली नाही. पण हे सांगायला तोंड उघडलं की लेबलही बाहेर येणार. पोटभर जेवून तीच गोळी घेतली असती तर बायको आज मशीनवर बसली असती. माझे हात वाचवणारं वाक्य तेच, आणि मला उघडं पाडणारंही तेच. दुपारी एका आरशाला पाठीमागून कागद लावताना मला सारखं वाटत होतं, तो उलटवावा आणि त्याच्यात डोकं घालावं. मालक लांबून लक्ष ठेवून होता. त्या रविवारनंतर तो मला हिरकणी देत नाही, स्वतःच्या खिशात ठेवतो.

डॉक्टरीणबाईंनी वही वाचायला बराच वेळ घेतला. त्या वाचताना ओठ हलवतात. बायको खुर्चीच्या कडेवर बसली होती, सरळ, परीक्षेला बसल्यासारखी. पान उलटताना डॉक्टरीणबाईंचं बोट एका ओळीवर थांबलं. "अर्धं सफरचंद," त्या म्हणाल्या. "हे जेवणाआधी?"

"हेच जेवण," बायको म्हणाली. "भूक ताब्यात आली होती ना त्याची. जेवणानंतर लिहिलं होतंत तुम्ही, म्हणून सफरचंद झाल्यावरच देत होते मी. एक दिवस चुकले नाही."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. त्यांनी समजावून सांगितलं, अगदी हळू आवाजात. या गोळीला पूर्ण जेवण लागतं, फळाने भागत नाही. पोट रिकामं असलं की निम्मीच अंगी लागते. म्हणजे दीड-दोन महिने यांना अर्धाच डोस मिळत होता. "चूक आमचीही आहे," त्या म्हणाल्या, "जेवणानंतर एवढंच लिहून मोकळे होतो आम्ही. पण म्हणजे ही गोळी लागू पडत नाही असं आज म्हणता येणार नाही." मी बायकोकडे पाहिलं नाही, तिच्या प्लास्टरकडे पाहिलं. "म्हणजे मीच," ती म्हणाली. "मी लहान ताट आणलं." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं मनाला लावून घेऊ नका. ती म्हणाली, "लहान ताट मी आणलं, डॉक्टर. दुकानात उभं राहून निवडून आणलं." आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. हे लिहिताना लाज वाटते, पण उतरला. बारकी वाचली, माझे हात वाचले, आणि मला एक अक्षर बोलावं लागलं नाही. मुकादमसुद्धा एवढं चांगलं जमवू शकला नसता. डॉक्टरीणबाईंनी दोन वेगळे कागद लिहिले, एकावर जाडी, एकावर बारकी, पोटभर जेवणासोबत हे शब्द खाली दोनदा अधोरेखित करून. म्हणाल्या, "दोन्हींची बाजू आता तुम्हाला माहीत आहे. जाडीने शांत राहतात, पण वजन, साखर, झोप, हात जड. बारकीने हे सगळं कमी, पण ती नेमाने, जेवूनच घ्यावी लागते, नाहीतर काय होतं ते आपण पाहिलं. घरी बोला. आज एकच सुरू करा आणि कुठली ते सकाळी मला कळवा." त्यांनीही जाडी-बारकी म्हटलं याचं एरवी आम्हाला हसू आलं असतं.

घरी येताना बायकोने सगळ्या वाटेत माझा दंड धरला होता, आंधळ्याला न्यावं तसा. संध्याकाळी सातला तिने ताट वाढलं, मोठं, जुनं. लहान ताट कचऱ्याच्या डब्यात उभं दिसत होतं. भात, डाळ, दोन अंडी, बटाटे, पाव, वर लोण्याचा गोळा. एका हाताने वाढत होती, पळी निसटत होती, मला मदत करू देत नव्हती. ताटाशेजारी तिने बारकी ठेवली. मी घास घेतला की ती बघायची, गिळला की परत बघायची. मुलगी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला होती, कोपर ताटाभोवती. बायको तिला म्हणाली, "बाबाची चूक नव्हती गं. मला कळलं नाही. त्याची गोळी जेवणाबरोबर द्यायची होती आणि मी त्याला उपाशी ठेवला, म्हणून तसं झालं." मुलीने कोपर काढलं. ती आईकडे बघत राहिली. मग खुर्ची ओढत ओढत माझ्या बाजूला घेऊन आली, अगदी शेजारी, तिचा गुडघा माझ्या मांडीला लागला, आणि तिने तिच्या ताटातलं अंडं उचलून माझ्या ताटात ठेवलं. सकाळपासून, त्या रविवारपासून, मी एवढ्याचसाठी तडफडत होतो. "तू बाबाला जेवायला का नाही दिलंस?" ती आईला म्हणाली. तिचा आवाज थंड होता. तो मला ओळखीचा वाटला, तो माझाच होता. "तुझ्यामुळे त्याने तुझा हात मोडला." बायकोने मान हलवली. हो म्हणाली.

मी घास तोंडातून ताटात काढून ठेवला. "मला माहीत होतं," मी म्हणालो. दोघींनाही कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं, औषधवाला काय म्हणाला ते, लाल अक्षरं, पातं, रिकाम्या पोटी वाजणारी रेघ. सफरचंद रोज ती चिरत होती तेव्हा मला माहीत होतं. ती पट्ट्याला भोक पाडत होती तेव्हा माहीत होतं. आणि टेबलाच्या कडेवर हात ठेवला तेव्हा मला भान होतं, हेही सांगितलं, मुलीसमोर. बोलून झालं. बायको खुर्ची मागे सारून उठली. टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आली, इतकी जवळ की प्लास्टरचा ओलसर, चुनखडीसारखा वास आला, आणि तिने डावा हात वर उचलला.

माझं डोकं खाली गेलं. मान खांद्यांत शिरली, डोळे मिटले, हात कानापाशी आला. मी काही ठरवलं नव्हतं, अंगाने आपलं आपण केलं. मारलं असतं तर बरं झालं असतं, पण काही लागलं नाही. वर फळीवर बरण्या सरकल्याचा आवाज झाला. डोळे उघडले तेव्हा मुलगी माझ्या कानापाशी आलेल्या हाताकडे बघत होती. बायकोने बरण्यांच्या मागून जाडीची जुनी पट्टी काढली होती. दातांनी एक गोळी सोडवून तिने ती ताटाशेजारी ठेवली आणि बारकी उचलून मुठीत घेतली. "हिला जेवलं काय, उपाशी काय, सारखंच," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "हिला फसवता येत नाही." मी हातांकडे पाहिलं. अजून हलके होते, आठवडाभर तरी राहतील. मग डिंक. मी गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यालो, गिळली. दोघी उभ्या होत्या. कुणी काही मागितलं नव्हतं. मी तोंड उघडलं, जीभ वर केली, डावीकडे, उजवीकडे. बायकोने मान फिरवली. मुलगी मात्र पुढे आली, तिने दोन्ही हात माझ्या गुडघ्यांवर ठेवले आणि वाकून, अगदी जवळून, नीट बघितलं.

"गेली," ती आईला म्हणाली.